खडूच्या रेघेपलीकडचं साल

सरांचा डबा तीन कप्प्यांचा होता आणि त्यात चिठ्ठ्या असायच्या. स्वतःची पोळी-भाजी ते रुमालात बांधून आणत. डबा पूर्वी जेवणाचाच असावा, कारण चिठ्ठ्यांना शेवटपर्यंत लसणाच्या चटणीचा वास येत होता. मला तो वास कुठं आला, की अजूनही इतिहासाचा तास आठवतो.

आमचं गाव दारव्हा-दिग्रस रस्त्यावरचं. शाळा दहावीपर्यंत. नववी ब मध्ये आम्ही त्रेपन्न जण होतो, बत्तीस मुलं आणि एकवीस मुली. मला मोजायची सवय लहानपणापासून आहे. जिन्याच्या पायऱ्या, वर्गाच्या फरश्या, एका तासात सर किती वेळा चष्मा पुसतात, सगळं मी वहीच्या मागच्या पानावर लिहायची. वर्गात मला ‘मोजणीवाली’ म्हणत. इतिहासाचा मला कंटाळा होता, कारण त्यात मोजण्यासारखं काही घडत नाही, फक्त पाठ करायचं असतं, अशी माझी समजूत होती.

इतिहासाचे हे सर उमरखेडकडचे. उंच, किंचित वाकलेले, खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक कधीच न चालणारं. पहिल्या दिवशी ते वर्गात आले आणि दारापासून आत तीन फरश्यांवर त्यांनी खडूनं एक आडवी रेघ मारली. मग म्हणाले, “रेघेच्या अलीकडं आजचं साल. पलीकडं मी सांगीन ते साल. कोणी हासलं तर चालते, पण रेघ पुसाची नाही.”

रेघेच्या अलीकडं ते आम्हाला ‘काहून रे’, ‘कायले वो’ करत. पलीकडं गेलं की एकदम अहो-जाहो. ज्याच्या शर्टाला एकच बटण होतं, अशा मुलाला ते म्हणाले, “या सरदार, बसा. घोडा कुठं बांधला?” पहिला आठवडा आम्ही हसण्यात घालवला. मग हसू आपोआप थांबलं. आमच्यापैकी कोणालाच घरी किंवा दारी कोणी ‘अहो’ म्हणत नव्हतं. ते ऐकायला मिळतं म्हणून काही मुलं इतिहासाच्या तासाला वेळेवर येऊ लागली. हे मी नोंदलेलं आहे. इंग्रजीच्या तासाला सरासरी सात गैरहजर असत, इतिहासाच्या तासाला दोन.

शिकवण्याची पद्धत अशी. नवा धडा सुरू झाला की डबा यायचा. ज्याच्या त्याच्यासमोर सर एक कप्पा धरत, त्यात हात घालून एक चिठ्ठी काढायची. चिठ्ठीत कोणी सैनिक, कोणी विणकर, कोणी नावाडी, कोणी राणी. धडा संपेपर्यंत आपण तेच. नियम दोन. चिठ्ठी बदलून मिळत नाही. आणि पुढं काय झालं हे कोणाला माहीत नाही.

हा दुसरा नियम मोडणं सगळ्यात सोपं होतं, कारण पुस्तक समोरच असे. पहिल्या बाकावरचा एक मुलगा भर दरबारात उठून म्हणाला, “सर, हा तह टिकत नाही. पान नंबर बेचाळीस.” सरांनी त्याला शांतपणे रेघेच्या अलीकडं आणलं आणि दाराजवळच्या भिंतीशी उभं केलं.

“तू आता पुस्तक हायस. पुस्तक बोलत नसते. कोणी उघडलं तरच बोलजो.”

तो तासभर पुस्तक होऊन उभा होता. मधल्या सुट्टीत पोरं त्याच्याजवळ जाऊन त्याचा हात पुठ्ठ्यासारखा उघडत आणि विचारत, “पान नंबर किती?”

सरांचं एक वाक्य होतं. ते दिवसातून एकदा तरी यायचं. “तुले पुढचं माहीत नाही. त्यायले बी नव्हतं.” एखादा मुलगा म्हणाला की हा राजा मूर्ख होता, त्यानं असं कसं केलं, की हे वाक्य यायचं. दुसरं कोणतंही स्पष्टीकरण ते देत नसत.

मुख्याध्यापकांना हा प्रकार पसंत नव्हता. आमच्या वर्गातून नगाऱ्यासारखे बाक वाजलेले ऐकून एकदा ते स्वतः आले आणि रेघ ओलांडून आत उभे राहिले. सरांनी नमस्कार केला आणि त्यांच्यासमोर डबा धरला.

“हे काय आहे?” मुख्याध्यापक म्हणाले.

“रेघ ओलांडली आपण. आता कोण आपण, हे कळायला हवं.”

त्रेपन्न पोरांसमोर त्यांना चिठ्ठी काढावी लागली. निघालं ‘डाकवाला’. सरांनी त्यांच्या हातात दोन खलिते दिले आणि अदबीनं सांगितलं की एक खिडकीजवळच्या किल्ल्यावर पोचवायचा आहे, दुसरा फळ्यापाशी. मुख्याध्यापकांनी ते पोचवले. जाताना मात्र म्हणाले, “परीक्षेत पोरं काय लिहितात ते मी पाहणार आहे.”

त्यांची काळजी चुकीची नव्हती, हेही सांगितलं पाहिजे. सरांचा अभ्यासक्रम कधी पूर्ण झाला नाही. शेवटचे चार धडे त्यांनी दोन आठवड्यांत, मान खाली घालून, उतरवून दिले. त्या वर्षी मला इतिहासात एकसष्ट मिळाले. गणितात चौऱ्याण्णव होते.

*

ती कापसाची वाईट वर्षं होती. कधी बोंडअळी, कधी पाऊस नको तेव्हा, आणि भावाचं तर बोलूच नये. मोठी माणसं ओट्यावर बसून एकच बोलत, “आता अठी काही राह्यलं नाही.” ते असं सांगत, की जणू पुढचं सगळं त्यांनी छापलेलं वाचलं आहे.

माझे बाबा गावाबाहेरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. गाडी आली की कापसात हात घालायचा, मूठभर काढायचा, दोन्ही हातांच्या चिमटीत धागा ओढून पाहायचा, लांबी किती, ताकद किती, ओल किती, कवडी म्हणजे किडका, डागी कापूस किती, आणि प्रत सांगायची. सगळं बोटांवर. बाबांची बोटं त्या कामासाठी प्रसिद्ध होती. घरी आई गादीचं कापड आणायची तर बाबा डोळे मिटून सांगायचे, “हे घेऊ नको.”

शालू माझ्या शेजारी बसायची. तिचं गाव सहा किलोमीटरवर, ती सायकलनं यायची. चार एकर कोरडवाहू. तिच्या आजोबांनी छप्पनच्या दीक्षेनंतर मोठ्या हौसेनं मुलांना शाळेत घातलं होतं, आणि शालूनं शिकावं हे त्या घरात ठरलेलंच होतं. पाचवीपासून आम्ही एका बाकावर होतो. माझं गणित तिनं पाहायचं, तिची चित्रं मी वहीत लावायची, असा आमचा व्यवहार होता.

त्या हंगामात शालूच्या बाबांनी गाडी केंद्रावर आणली. तीन दिवस रांगेत होते. नंबर लागला तेव्हा माझ्या बाबांनी तिसरी प्रत सांगितली. शालूचे बाबा म्हणत होते की माल पहिल्या प्रतीचा आहे, त्यांनी स्वतः वेचलेला, कवडी एक नाही. दुसऱ्या दिवशी शालू वर्गात आली, दप्तर उचललं आणि खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी मागोमाग गेले तर म्हणाली, “तुह्या बाबाले डोळे नाहीत का?” त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. सदतीस दिवस. रविवार धरून.

मला बाबा चुकू शकतात असं वाटत नव्हतं, आणि शालू खोटं बोलेल असंही वाटत नव्हतं. दोन्ही एकदम खरं कसं असेल, हे मला सुटत नव्हतं.

त्याच दिवसांत सरांनी नवा धडा काढला. अमेरिकेत आपसात लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि विलायतच्या गिरण्यांना आपल्या वऱ्हाडचा कापूस हवासा झाला. आमच्या पुस्तकात हे दीड ओळीत होतं. सरांनी त्याला तीन आठवडे दिले.

“उद्या येताना हरेकानं ओंजळभर कापूस आणजो,” ते म्हणाले. “आपापल्या घरचा.”

डबा फिरला. शालूला चिठ्ठी आली ‘पारखी’, म्हणजे कंपनीच्या वतीनं कापसाची प्रत ठरवणारा माणूस. मला आली ‘शेतकरी’. वर्गात कोणीतरी हळूच “आता पाहा” म्हणालं. शालूनं चिठ्ठी घडी करून कंपासपेटीत ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

इथं मला एक गोष्ट लिहिली पाहिजे. तोपर्यंत असे सात खेळ झाले होते, आणि सातांत एकालाही आपल्या घरची चिठ्ठी आलेली नव्हती. जुन्या गावाच्या खेळात शालू पाटील झाली होती. माझ्या वाट्याला आलं होतं विहिरीपासून लांब उभं राहून कोणीतरी पाणी वाढण्याची वाट पाहणं. मी अकरा मिनिटं उभी होते. तहान लागलेली नव्हती, तरी लागली. शेवटी शालू पाटील स्वतःच उठली, तिनं घागर ओतली आणि सरांना म्हणाली, “मले हे पाटीलपण जमत नाही.” त्रेपन्न पोरं, सात खेळ, आणि एकदाही नाही. हे नशिबानं होत नाही, एवढं गणित मला येत होतं. सर कोणासमोर कोणता कप्पा धरतात, ते मी पाहू लागले होते. पण बोलले नाही.

आमच्या घरी वावर नाही. कापूस आणायचा कुठून? मागायला लाज वाटली. मी उशीची शिवण उसवली, ओंजळभर काढला, परत टाके घातले.

शनिवारी सकाळची शाळा. सरांनी चित्रकलेचा आणि कवायतीचा तास मागून घेतला होता, म्हणजे सलग तीन तास. स्वतः ते विलायतचे खरेदीदार झाले आणि व्हरांड्याच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून खुर्चीत बसले. “विलायत लांब आहे. तिथून मला इथलं काही दिसत नाही,” एवढं सांगून त्यांनी वर्तमानपत्र उघडलं. शालू टेबलामागे. हजर एकोणपन्नास, त्यांतले एकेचाळीस शेतकरी, आणि रांग वर्गातून निघून हातपंपापर्यंत.

रांगेत माझा नंबर तेविसावा होता. शालू एकेकाचा कापूस घेई, चिमटीत ओढे, कानाजवळ धागा तोडून आवाज ऐके, आणि मोठ्यानं सांगे, “पहिली.” “दुसरी.” ती घाईत नव्हती. तिला ते खरंच येत होतं, घरी शिकलेली होती. कोणाला बरं वाटावं म्हणून तिनं एकही प्रत वाढवली नाही. मी उभ्या उभ्या वहीत नंबर आणि प्रत लिहीत होते, कारण दुसरं करायला काही नव्हतं. एक तास दहा मिनिटं मी रांगेत होते. पुढचा माणूस सरकला की आपण सरकायचं. पाय दुखतात, पण रांग सोडून बसता येत नाही. केंद्राबाहेरच्या गाड्या मी रोज पाहायची, मोजायचीसुद्धा. त्या रांगेत उभं राहणं कसं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

माझा नंबर आला. शालूनं कापूस हातात घेतला, ओढला. धागा आलाच नाही, भुगा आला.

“कुठला माल?” ती म्हणाली.

“माह्या वावरातला.”

“तुमच्या वावरात उश्या पिकतेत का?”

सगळा वर्ग हसला. मीही हसले. सदतीस दिवसांतलं तिचं माझ्याशी ते पहिलं बोलणं होतं, आणि तेही चिठ्ठीतल्या माणसाचं. “तिसरी,” ती म्हणाली, “तेबी उपकार.” मी वहीत लिहिलं, ‘तेवीस. तिसरी. बरोबर.’

मग मी खिडकीत बसून पुढची नोंद करत राहिले. पस्तिसाव्यानंतर शालू वेगानं जायला लागली. थंडीचे दिवस होते, ती मधून मधून बोटं काखेत धरत होती. अडतिसाव्या नंबरावर आमच्या वर्गातल्या दोन चुलतभावांपैकी धाकटा होता. त्याचा कापूस तिनं नुसता दाबला आणि म्हणाली, “तिसरी.” तो बिचारा आपला कापूस उचलून निघून गेला.

माझं पेन थांबलं. कारण सकाळी त्या दोघा भावांनी माझ्यासमोर, फाटकाजवळ, एकाच पिशवीतून ओंजळ-ओंजळ वाटून घेतली होती. एकाच ढिगातला माल. थोरला सातवा होता. मी वहीतल्या वरच्या नोंदी पाहिल्या. ‘सात. पहिली.’

खेळ संपला. सर विलायतेहून परत आले, सगळ्यांना नावानं हाक मारून हजेरी घेतली आणि विचारलं, “कोणाले काही दिसलं का?”

माझ्या हातात वही होती. मी उठून एवढंच वाचलं असतं, तर माझ्या बाबांच्या बाजूचं सगळं एका वाक्यात बोलून झालं असतं. शालूसारखी शालूही चुकते, हे सगळ्या वर्गाला कळलं असतं. पण ती टेबलामागे बोटांवर फुंकर घालत उभी होती. मी बसून राहिले. का, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. आकडा बरोबर होता, पण तो सगळ्यांना द्यायचा नव्हता.

शाळा सुटल्यावर सायकलींजवळ मी तिला गाठलं आणि वही पुढं केली. सातवर आणि अडतीसवर बोट ठेवलं. पिशवीचं सांगितलं.

ती किती तरी वेळ त्या पानाकडे पाहत होती. मग म्हणाली, “अडतीसले माही बोटं मेलती. काहीच सांगत नव्हती.” आणि वही परत देत, “वर्गात काहून नाही सांगतलं?”

“असंच.”

तिनं सायकलचं कुलूप काढलं. “आमची गाडी तुह्या बाबाजवळ कितवी होती?”

“माहीत नाही.”

“इचार.”

*

बाबा जेवत होते. मी विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला.

“कोणती गाडी?”

मी गाव सांगितलं, नाव सांगितलं, बैलांचा रंग सांगितला. ते आठवायचा प्रयत्न करत होते, हे दिसत होतं. आई म्हणाली, “जेवू दे न त्यायले.” बाबांनी तिला हातानं थांबवलं.

“त्या आठवड्यात साठच्या वर होत्या रोज,” ते म्हणाले. “मले ती गाडी आठवत नाही.”

“बाबा, साठ गाड्या झाल्यावर बोटं सांगतेत का?”

“नाही.”

“मंग?”

ताटातल्या वरणावर साय धरली. मग त्यांनी जे सांगितलं, ते दुसऱ्या कोणा ग्रेडरनं कधी आपल्या पोरीला सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

“मंग मालाकडं नाही, माणसाकडं पाह्यतो. बैल कसे हायेत, धोतर कसं हाय, बोलते कसा. त्याच्यावरून ठरते.” आणि मग, “तिले सांगजो. आठवत नाही म्हणून सांगजो. चुकलंबी असन.”

सोमवारी मी शालूला ते शब्द जसेच्या तसे सांगितले. धोतराचंसुद्धा. ते सांगताना मला माझ्या बाबांना चारचौघांत उघडं केल्यासारखं वाटत होतं, आणि न सांगणं त्याहून वाईट होतं.

“असं म्हटलं त्यायनं? तोंडानं?”

“हो.”

प्रार्थनेची घंटा झाली. वर्गात आल्यावर ती दप्तर घेऊन माझ्या बाकापाशी आली आणि म्हणाली, “सरक.” मी सरकले. बसल्यावर, फळ्याकडे पाहत, ती म्हणाली, “त्यायले सांग, गरम पाणी ठेवा जवळ. परवा घरी आईनं गरम पाण्यात हात धरले माहे, तवा बोटं परत आली.”

मी बाबांना सांगितलं. आणि माझ्याकडून एक जोडलं. दर वीस गाड्या झाल्या की सकाळच्या एखाद्या गाडीतली मूठ, कोणाची ते न पाहता, परत ओढून पाहायची. प्रत वेगळी आली तर थांबायचं. बाबा म्हणाले, “तू मले शिकवतेस?” पण चौथ्या दिवशी मी केंद्राबाहेरून गेले तेव्हा त्यांच्या स्टुलाजवळ घमेल्यात वाफा निघणारं पाणी होतं. रांगेतला कोणी म्हणत होता, “साहेब आंघोळ करून राह्यले का?” बाबा म्हणाले, “तुह्याच मालासाठी करून राह्यलो.” कोणाला प्रत पटली नाही आणि त्यानं परत पाहा म्हटलं, तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी, पहिल्या पाच गाड्यांत, परत पाहू लागले. सगळे खूश झाले असं नाही. रांग लांबली म्हणून शिव्याही मिळाल्या. शालूच्या बाबांचा कापूस तर कधीच गेला होता, त्याचं काही झालं नाही. पण केंद्र होतं तोपर्यंत ते घमेलं तिथं होतं.

पुढच्या शनिवारी डाकवाल्याची चिठ्ठी आलेला मुलगा वर्गात आला आणि त्यानं विलायतचा खलिता वाचला. अमेरिकेतली लढाई संपली. आता तुमचा कापूस पूर्वीइतका नको. ज्यांनी खेळात कापसाशिवाय काहीच पेरलं नव्हतं, ते एकमेकांकडे पाहू लागले. एकानं सरांना विचारलं, “आता काय कराचं?”

“मला काय विचारता पाटील,” सर म्हणाले. “मला तरी पुढचं कुठं माहीत आहे?”

मग पोरंच बोलायला लागली. कोणी म्हणालं ज्वारी, कोणी म्हणालं अर्धं-अर्धं, कोणी म्हणालं तलाव खोदू. शालू म्हणाली की आधी आपला कापूस कसा आहे ते आपणच पारखायला शिकू, मग कोणी येवो. सर फळ्यावर सगळं लिहून घेत होते. घंटा झाली तरी कोणी उठलं नाही. त्याच संध्याकाळी ओट्यावर मोठी माणसं म्हणत होती, “अठी काही राह्यलं नाही.” मी पहिल्यांदाच मनात म्हटलं, तुम्हाला पुढचं माहीत नाही.

*

दोन वर्षांनी सरांची बदली झाली. शालू पुढं नर्स झाली, पुसदला असते. पेशंटची नाडी धरायच्या आधी ती हात गरम करते, हे मी पाहिलेलं आहे. मी यवतमाळला घर सांभाळून गणिताच्या शिकवण्या घेते. चाळीस पेपर तपासून झाले की पहिले पाच मी परत तपासते. दर वेळी एक-दोन ठिकाणी खाडाखोड करावी लागते. मुलं म्हणतात, बाईंचे मार्क बदलतात. बदलतात, कारण मी पाहते.

मागच्या हिवाळ्यात दिग्रसच्या स्टँडवर सर दिसले. आता ते चांगलेच वाकले आहेत. मांडीवर तोच डबा. मी नाव सांगितलं, तर म्हणाले, “मोजणीवाली. बस.”

मी बसले. इतकी वर्षं जपून ठेवलेला प्रश्न विचारला.

“सर, कोणासमोर कोणता कप्पा धराचा, ते तुम्ही ठरवत होते न? अकरा खेळ झाले. कापसाचा सोडला तर एकालेबी आपल्या घरची चिठ्ठी आली नाही.”

“अकरा?” ते म्हणाले. “मले नऊ वाटलते.” मग हसले. “आपल्या घरचं माणूस व्हाले शाळेत कायले या लागते?”

“म्हणजे शालूले पारखी तुम्हीच केलं.”

“नाही. ते तिनं मागतलं. डबा फिराच्या आदल्या दिवशी आली, म्हणे पारखी बरोबर असला तर कसा असते, ते मले दाखवाचं हाय. मी आपला नियम मोडला. तेवढा एकदाच.”

“आणि तो चुलतभावांचा कापूस? एक सातव्या नंबरावर, एक अडतिसाव्या. तेबी तुम्हीच लावलं होतं?”

सर माझ्याकडे पाहत राहिले. “कोणता कापूस?”

त्यांना माहीत नव्हतं. ते विलायतेत होते, पाठ करून. मी त्यांना सगळं सांगितलं. पिशवी, पहिली, तिसरी, सायकलींजवळची वही, बाबांचं उत्तर, घमेलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. उमरखेडची गाडी लागली, माणसं चढायला लागली, ते उठले नाहीत. कंडक्टरनं दोनदा हाक दिली, तेव्हा त्यांनी डबा काखेत धरला आणि उभे राहिले.

“एवढी वर्षं मी पोरायले सांगत होतो, पुढचं माहीत नाही, पुढचं माहीत नाही,” ते म्हणाले. “आन् माह्याच वर्गाचं मले माहीत नव्हतं.”

गाडीच्या पायरीवर चढून ते वळले. चांगले सावकाश, मान किंचित लववून, म्हणाले, “बाई, पुढच्या वेळी वही घेऊन या. अजून काय काय मोजलंय, ते तुम्ही मला सांगा.”

मी खाली पाहिलं. स्टँडच्या फरशीवर खडूची रेघ कुठंच नव्हती.